शिष्यत्वातला आवेश: किंमत कोण मोजतो?

नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलेल्या माणसाचा उत्साह मंडळीत (चर्चमध्ये) लपत नाही. पहाटे चारला उठून प्रार्थना, बसमध्ये शेजारी बसलेल्याला साक्ष, पगारातला मोठा वाटा अर्पणात, घरच्यांशी रोजचा वाद. काहीजण त्याच्याकडे पाहून म्हणतात, असेच सगळे पेटले पाहिजेत. काहीजण म्हणतात, थांबा, सहा महिन्यांत निवेल. दोघेही एकच गोष्ट मोजत असतात: आवेश किती आहे. पवित्र शास्त्राला (बायबलला) तेवढ्याने भागत नाही. आवेशाला दिशा कोणती, आधार कशाचा आणि त्याची किंमत कोण मोजतो, हेही ते विचारते. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर झाकून ठेवता येत नाही.

रोमकरांस पत्राच्या १०व्या अध्यायात प्रेषित पौल आपल्या यहूदी बांधवांविषयी लिहितो की त्यांना देवाविषयी आस्था आहे, पण ती ज्ञानाला धरून नाही. तो त्यांना ढोंगी म्हणत नाही. आस्था खरी आहे हे तो कबूल करतो आणि तरीही ती चुकते आहे असे सांगतो. हे लिहिण्याचा अधिकार त्याला होता. तरुणपणी, शौल असताना, तो गमलियेल या यहूदी गुरूच्या पायाशी शिकला होता, नियमशास्त्रात मुरलेला होता. स्तेफन या ख्रिस्ती साक्षीदाराला दगडमार झाला तेव्हा साक्षीदारांची वस्त्रे त्याच्या पायांजवळ ठेवलेली होती. पुढे तो घराघरांत शिरून स्त्रीपुरुषांना ओढून तुरुंगात टाकू लागला, आणि दिमिष्कातल्या (दमास्कसमधल्या) विश्वासणाऱ्यांना बांधून आणण्यासाठी महायाजकाची पत्रे घेऊन निघाला. फिलिप्पैकरांस पत्रात स्वतःच्या जुन्या आवेशाचा पुरावा म्हणून तो मंडळीच्या छळाचाच दाखला देतो.

आता त्याच माणसाची नंतरची यादी पाहा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ११व्या अध्यायात तो सांगतो: यहूद्यांच्या हातून पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटले. दिमिष्काच्या वाटेवर त्याला येशूचे दर्शन घडले आणि तो येशूचा अनुयायी झाला; पण त्याचा आवेश विझला नाही, थंडही झाला नाही. बदल असा झाला की आधी त्याच्या आवेशाची किंमत दुसरे मोजत होते, नंतर ती तो स्वतः मोजू लागला. चुकीचा आवेश ओळखण्याची इतकी सरळ खूण दुसरी नाही.

म्हणून चुकलेल्या आवेशावर थंडपणा हे औषध होत नाही. हाच पौल आस्थेत मंद होऊ नका, आत्म्यात उत्सुक असा, असे सांगतो (रोम. १२:११). लावदिकीया येथील कोमट मंडळीला प्रकटीकरणाच्या पुस्तकात मिळालेली ताकीद फारच कडक आहे. आवेश हवाच आहे. तो घसरतो कुठे, हे मात्र नीट पाहायला हवे.

वचन हाताशी असूनही

चुकलेला आवेश अज्ञानी लोकांचाच असतो असा समज आहे. प्रत्यक्षात त्याच्या हातात बहुधा एखादे वचन असते. लूक ९:५१–५६ मध्ये येशू यरुशलेमेकडे निघालेला असताना एक शमरोनी गाव त्याला उतरू देत नाही. याकोब आणि योहान विचारतात, आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा अशी आज्ञा आम्ही करावी का? ही कल्पना त्यांनी मनाने काढलेली नव्हती. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात एलीया संदेष्ट्याने असाच अग्नी मागितला होता, आणि तोही शमरोनाच्या राजाच्या माणसांवर. म्हणजे दाखला होता, प्रदेशही तोच होता, धन्याविषयीची निष्ठाही खरी होती. नव्हते ते एवढेच, की आपला धनी कोण आहे आणि कशासाठी यरुशलेमेला निघाला आहे याचे भान. येशूने त्यांना धमकावले आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले. नकार मिळाला की पुढच्या गावाची वाट धरायची, हा सुवार्तेच्या कामातला पहिला व्यवहारी धडा आहे, आणि तो अजूनही सर्वांत जास्त विसरला जातो.

येशूला धरायला लोक आले तेव्हा शिष्य पेत्राने उपसलेली तलवार तर चारही शुभवर्तमानांत आहे, पण ती चारही वाचून एकत्र मांडली तरच प्रकरण पूर्ण दिसते. मार्क सांगतो की त्याच रात्री गेथशेमाने बागेत येशूने जागे राहून प्रार्थना करा म्हटले होते आणि पेत्र तासभरही जागा राहिला नाही. योहान नावे देतो: तलवार पेत्राची, कान मल्ख नावाच्या महायाजकाच्या दासाचा. कान बरा केल्याचे लूकच नोंदवतो. आणि पुढे योहान १८:२६ मध्ये एक तपशील येतो जो वाचताना सहज निसटतो. महायाजकाच्या वाड्यात पेत्र येशूला ओळखत नाही असे म्हणत होता, तेव्हा त्याला तिसऱ्यांदा हटकणारा माणूस मल्खाचा नातलग होता: तू बागेत त्याच्याबरोबर होतास ना, मी पाहिले. आवेशाच्या भरात मारलेला घाव काही तासांतच पेत्राच्या साक्षीवर उलटला. प्रार्थनेच्या वेळी झोप आणि संयमाच्या वेळी तलवार, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. शिवाय किंमत कोणी मोजली? महायाजकाने नव्हे, सैनिकांच्या सरदारानेही नव्हे. एका दासाने.

आवेशाच्या हाती सत्ता आली की

एकट्यादुकट्याचा आवेश चुकला तर नुकसान घरापुरते राहते. त्याला राजसत्ता मिळाली की काय होते, हे गोव्याने सोसले आहे. गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मचौकशीचे न्यायालय, १५६० मध्ये सुरू झाले आणि १७७० च्या दशकातला छोटा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. त्याचा मोठा भार पडला तो नव्याने ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांवर. जुन्या चालीरीती घरात उरल्या आहेत का, याची चौकशी, शिक्षा, जप्ती. १७३६च्या फर्मानात लग्नकार्यातल्या रिवाजांपासून अंगणातल्या तुळशीपर्यंत बारीकसारीक मनाई होती. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांची कोंकणी बोली मोडून काढण्याचा हुकूमही काढला. हे करणाऱ्यांपैकी अनेकांना आपण आत्म्यांचे तारण करतो आहोत असेच वाटत होते. योहान १६:२ मध्ये येशूने आधीच सांगितले होते की तुम्हांला जिवे मारणाऱ्याला आपण देवाची सेवा करतो असे वाटेल, अशी वेळ येईल. ते बोल शिष्यांच्या छळाविषयी होते. ख्रिस्ताचे नाव सांगणारेही दुसऱ्यांशी तसेच वागू शकतात, ही गोष्ट ख्रिस्ती वाचकाने आढेवेढे न घेता मान्य करायला हवी.

त्याच गोव्यात १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (कॅथलिक येशूसंघाचा धर्मगुरू) आला. तोही पोर्तुगीज सत्तेच्या छत्राखालीच राहिला, हे विसरून चालणार नाही. पण त्याने आपली धग वेगळ्या कामात ओतली. इथली भाषा शिकला, ओवी शिकला, आणि येऊन ३७ वर्षे झाल्यावर, १६१६ मध्ये, राशोल येथे त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले: सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. एका बाजूला लोकांची भाषा बंद पाडणारा आवेश, दुसऱ्या बाजूला लोकांची भाषा शिकण्यात आयुष्य घालणारा. किंमत कोण मोजतो, याचे उत्तर दोन्हीकडे किती वेगळे आहे ते सांगायला नको.

घर, पैसा, औषध, उपवास

आज बहुतेक घसरण या चार ठिकाणी होते.

घरापासून सुरुवात करू. एकटा मुलगा किंवा सून विश्वासात येते आणि पहिल्याच महिन्यात सगळ्या घराला बदलायला निघते. आईच्या देव्हाऱ्याला हात लावणे, आरतीच्या वेळी टोमणे, सणाच्या दिवशी मुद्दाम भांडण. देव्हारा आईचा आहे. तिची श्रद्धा काढून टाकण्याचा अधिकार कोणत्याही वचनाने मुलाला दिलेला नाही. इफिसातल्या दंगलीची हकिकत इथे वाचावी. अर्तमी देवीच्या त्या नगरात पौल दोन वर्षांहून अधिक काळ उघडपणे शिकवत होता, आणि तरीही नगरलेखकाने जमावापुढे सांगितले की या माणसांनी देऊळ लुटलेले नाही की आपल्या देवीची निंदा केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये, प्रे. कृ. १९:३७). विरोधकाने दिलेले इतके चांगले प्रमाणपत्र आपल्याला मिळेल का?

व्यवहारात असे करावे. आपण कोणत्या विधीत भाग घेणार नाही ते एकदा, शांतपणे, कारणासह सांगावे आणि पुन्हा पुन्हा उकरू नये. स्वयंपाक, आजारपण, फी, म्हाताऱ्यांची ने-आण यांत पूर्वीपेक्षा जास्त हात लावावा. विचारल्यावर उत्तर द्यावे, तेही सौम्यतेने. पेत्राच्या पहिल्या पत्रातली (३:१५) सूचना नेमकी अशीच आहे. जोडीदार विश्वासात नसेल आणि एकत्र राहायला राजी असेल तर सोडू नये, असे पौल करिंथकरांना स्पष्ट सांगतो. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या विचाराने. मधली वर्षे, विशेषतः ताटातुटीची, त्यांना फार जड गेली. पतीच्या आवेशाचे मोल पत्नी कसे चुकवते हे समजण्यासाठीही तो काळ अभ्यासावा, आणि दुसऱ्याचा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा असतो हे समजण्यासाठीही.

पैशाच्या बाबतीत चूक बहुधा सभेच्या रात्री होते. गाणी, साक्षी, मग अर्पणाचे आवाहन, आणि हात वर करून मोठा आकडा जाहीर. घरी कळते तेव्हा शाळेची फी थकलेली असते. पौलाची रीत निराळी होती: करिंथकरांना त्याने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे थोडे थोडे बाजूला ठेवायला सांगितले, म्हणजे आपण आल्यावर घाईने वर्गणी करावी लागू नये (१ करिंथ. १६:२). जवळ नाही त्यातून नव्हे, आहे त्यातून, असेही तो लिहितो. तेव्हा सभेत आकडा जाहीर करू नये. आठवडाभर थांबावे, पतिपत्नींनी बसून घरखर्च, भाडे, हप्ते मांडावेत, आणि बारा महिने न चुकता देता येईल एवढी रक्कम ठरवावी. अर्पणासाठी कर्ज काढू नये, दागिना गहाण ठेवू नये. आईवडिलांना द्यायचे ते देवाला अर्पण केले, अशी सबब सांगणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये काय सुनावले आहे ते एकदा वाचले की या विषयात शंका उरत नाही.

औषधाची चूक जिवावर बेतते. प्रार्थना झाली, आता गोळ्या बंद, असे कोणी सांगत असेल तर त्या क्षणी त्याला थांबवले पाहिजे. टाइप-१ मधुमेहात इन्सुलिन तोडले तर एकदोन दिवसांतही प्रकृती गंभीर होऊ शकते. क्षयरोगावरचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले म्हणून औषधे सोडली तर रोग उलटतो, औषधांना दाद न देणारा होऊ शकतो आणि घरातल्या लहान मुलांनाही लागू शकतो. फिट्सच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या अचानक बंद करणेही तितकेच धोक्याचे. इथे किंमत रोगी मोजतो, सल्ला देणारा मोजत नाही. शास्त्रात प्रार्थना आणि औषध यांचे भांडण कुठेही नाही: हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला यशया संदेष्ट्यानेच सांगितले, आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने थोडा द्राक्षारस सुचवला, आणि लूकाला तो प्रिय वैद्य म्हणतो. बरे झाल्याची खात्री असेल तर तपासणी करून घ्यावी; डॉक्टरने गोळी कमी केली तर देवाचे आभार मानायला काहीच अडचण नाही.

उपवासात माणूस स्वतःच किंमत मोजतो, मग तो योग्यच म्हणायचा का? नाही. स्वतःला कष्ट देणे हा खरेपणाचा पुरावा होत नाही; आपले शरीर जाळण्यासाठी दिले आणि प्रीती नसली तर काही लाभ नाही, असे पौल म्हणतो. नव्या माणसाने एकदम तीन दिवसांचा निर्जळी उपवास धरू नये. एका वेळचे जेवण सोडून सुरुवात करावी, पाणी पीत राहावे, तो वेळ प्रार्थनेत आणि वाचनात घालवावा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीची मुले, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, मूत्रपिंडाचे रोगी यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय उपवास करू नये. हात थरथरणे, घाम, भोवळ आली तर तिथल्या तिथे साखर घेऊन उपवास सोडावा. त्यात पाप नाही. आणि यशया ५८ उघडून ठेवावे. तिथे उपवासाची कसोटी भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र ही आहे. सोडलेल्या जेवणाचे पैसे कुठे गेले, असा तो साधा हिशेब आहे.

मी एकटाच उरलो

आवेशाची आणखी एक घसरण बाहेरून दिसत नाही, कारण असा माणूस मंडळीत सर्वांत जास्त राबत असतो. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांवर मिळवलेल्या विजयानंतर एलीया रानात एका झुडपाखाली मरण मागत बसला. पुढे होरेब डोंगरावर तो देवाला दोनदा सांगतो: मी फार आवेशी होतो, आणि आता मी एकटाच उरलो आहे. पण आदल्याच अध्यायात (१ राजे १८:१३) राजवाड्याचा कारभारी ओबद्या याने त्याला स्वतः सांगितले होते की शंभर संदेष्टे मी पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले आणि त्यांना अन्नपाणी पुरवले. एलीयाने ऐकले होते. थकलेल्या आवेशाच्या हिशेबात ते शंभर धरलेच गेले नाहीत.

देवाने त्याच्यावर केलेल्या उपचाराचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी झोप. मग भाकर आणि पाणी, मग पुन्हा झोप, पुन्हा भाकर. प्रश्न विचारला तो त्यानंतर कितीतरी दिवसांनी. मग मोजकी कामे दिली, अलीशा हा सोबती दिला, आणि बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार इस्राएलात आहेत हे सांगितले. मंडळीत तरुण संघ, शब्बाथशाळा, गायनमंडळ, घराघरांतल्या कॉटेज प्रार्थना हे सगळे एकाच उत्साही मुलीच्या गळ्यात असेल तर तिला आणखी एक प्रेरणादायी संदेश देऊ नका. दोन कामे काढून घ्या, आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा आणि प्रत्येक कामाला जोडीदार द्या.

मुळांना वेळ

पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवरचे बी सर्वांत आधी उगवते. का, तेही येशू सांगतो: माती खोल नव्हती म्हणून. पातळ मातीचा थर लवकर तापतो, कोंब झटकन वर येतो आणि मुळांना जायला जागा नसल्याने उन्हात करपतो. तेव्हा लवकर उगवणे हे दर वेळी चांगल्या जमिनीचे लक्षण नसते. याच कारणाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा अशी अट आहे. नाहीतर तो गर्वाने फुगेल. पौलाचे स्वतःचे उदाहरण घ्या. दिमिष्कानंतर अरबस्तान, तीन वर्षांनी यरुशलेमेत पेत्राकडे फक्त पंधरा दिवस, मग तार्सस, पुढे बर्णबा या सहकाऱ्याने शोधून आणल्यावर अंत्युखियात एक वर्ष शिकवण्याचे काम. पहिल्या मिशनफेरीपर्यंत बहुतेक अभ्यासकांच्या हिशेबाने दहा वर्षे किंवा अधिक गेली. आपण मात्र चांगली साक्ष देणाऱ्याला बाप्तिस्म्यानंतर दुसऱ्या महिन्यात व्यासपीठावर उभे करतो, आणि तो पडला की त्यालाच दोष देतो.

पहिल्या दोन महिन्यांसाठी एक साधी बांधणी पुरेशी आहे. रोज एक अध्याय: मार्क १६ दिवस, प्रेषितांची कृत्ये २८ दिवस, रोमकरांस पत्र १६ दिवस, मिळून बरोबर ६०. वाचताना आपल्या आवडीचे वचन वहीत उतरवताना त्याच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच वचनेही वाचावीत. अग्नी मागणाऱ्या शिष्यांची चूक याने बरीच टळते. आठवड्यातून एकदा एका प्रौढ विश्वासणाऱ्याबरोबर बसावे, शक्यतो आपल्याला नाही म्हणू शकेल अशा व्यक्तीबरोबर.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये संजीवनाची (आत्मिक जागृतीची) मोठी लाट आली. तिथे त्या आवेशाला आधीपासून घडी होती: शाळा, शेती, विणकाम, छापखाना आणि दुष्काळातून आलेल्या मुलींचा रोजचा सांभाळ. मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई त्याच सुमारास हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करत होत्या आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते नेटाने पुरे केले. रात्रीची कळकळीची प्रार्थना आणि सकाळची व्याकरणाची पाने एकाच घरात नांदू शकतात.

आवेशी माणसाला सावरायचे कसे

अपुल्लो हा आलेक्सांद्रियाचा वक्ता इफिसात आला. शास्त्रात प्रवीण, आत्म्याने तापलेला, येशूविषयी नीट शिकवणारा, पण त्याला ठाऊक होता तो फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पश्चात्तापाचा बाप्तिस्मा (प्रे. कृ. १८:२४–२८). प्रिस्किल्ला आणि अक्विला हे तंबू करणारे जोडपे सभास्थानात त्याचे भाषण ऐकत होते. त्यांनी उभे राहून त्याला अडवले नाही, पाठीमागे कुजबुज केली नाही, आणि एवढा चांगला बोलतो म्हणून गप्पही बसले नाहीत. त्यांनी त्याला आपल्याकडे घेतले आणि देवाचा मार्ग अधिक अचूक समजावून दिला. त्याला आधी माहीत असलेले खोटे ठरवले नाही, त्याच्या पुढचे सांगितले.

पुष्कळ मंडळ्यांची चूक याच्या नंतरच्या पायरीवर होते. समज दिली की माणसाला बाजूला बसवतात आणि वर्षभर त्याच्याकडे संशयाने पाहतात. इफिसातल्या बंधूंनी अपुल्लोला उत्तेजन दिले आणि अखयातल्या शिष्यांना पत्र लिहून त्याला पुढे पाठवले. अग्नी मागणारा योहानही असाच पुढे पेत्राबरोबर शमरोनास गेला, आणि तिथल्या लोकांवर हात ठेवून त्यांना पवित्र आत्मा मिळावा म्हणून प्रार्थना केली (प्रे. कृ. ८:१४–१७).

अपुल्लो करिंथात इतका गाजला की तिथे त्याच्या नावाचा गटच पडला. पौलाने त्यावर लिहिले की मी लावले, अपुल्लोने पाणी घातले, वाढवत गेला तो देव. त्याच पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. बंधूंबरोबर करिंथास जा, अशी पौलाने अपुल्लोला फार विनंती केली होती. पण आता यायला त्याचे मन मुळीच नव्हते, सोईची वेळ आल्यावर तो येणार होता. पौलाने तो नकार तसाच कळवला आणि पुढच्या विषयाकडे वळला.